लाइटची तारीख १७ फेब्रुवारी : मधले दिवस जातात कुठं?

झेरॉक्सवाला | ८ जानेवारी २०२५, रात्री ११.२०

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या. केज तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लोकांची कागदं नीट लावून देणं हाच धंदा. आणि अण्णांच्या तोंडाच्या कॅन्सरात मी कागदांवरच अडकलो.

अण्णा ६४ वर्षांचे. तंबाखू-चुना चाळीस वर्षं, कायम डाव्या गालात. गणपती बसले त्या दिवशी (७ सप्टेंबर) जेवताना म्हणाले, "ठेचा झोंबायलाय रं." अण्णांना ठेचा झोंबला म्हणून आम्ही हसलो. गावातल्या डॉक्टरनं बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल दिलं. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या मेव्हण्यानं पहिल्यांदा नीट बघितलं. तीन बोटं उभी तोंडात जायला पाहिजेत, दोनच जात होती, तीही रेटून. तरी अण्णांचं एकच, "सोयाबीन पदरात पडू दे, मंग बघू." सोयाबीन पदरात पडलं. हमीभाव ४८९२, आम्ही विकलं चार हजाराला. ते जाऊ द्या.

त्या दिवसापासून उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर मी तारखा लिहायला लागलो. २४ ऑक्टोबरला तपासणीसाठी गालातला तुकडा काढला. मधे दिवाळी आली, रिपोर्ट ६ नोव्हेंबरला हातात. १३ तारखेला सीटी स्कॅन. मग मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचं काम काढलं, तर रेशन कार्डावर अण्णांच्या नावाच्या शेवटी 'बा' आणि आधारवर 'राव'. रोज दहा लोकांचं हेच दुरुस्त करून देणारा मी! त्यात २० तारखेचं मतदान, तहसीलमधली सगळी माणसं निवडणुकीच्या ड्युटीवर. २२ नोव्हेंबरला नाव जुळलं. २७ ला सगळ्या डॉक्टरांनी मिळून केस बघितली (ही बैठक तिथं आठवड्यातून एकदाच असते). ऑपरेशन १९ डिसेंबरला झालं. चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

आता बेरीज बघा. झोंबलं त्या दिवसापासून तुकडा काढेपर्यंत ४७ दिवस. तुकडा काढल्यापासून ऑपरेशनपर्यंत ५६. मी दोन महिने दवाखान्याला शिव्या घालत होतो आणि वही सांगते की पहिले ४७ आमच्या घरातले.

खरा प्रश्न पुढं आहे. मानेतल्या एका गाठीत आजार सापडला, म्हणून लाइट (रेडिओथेरपी) घ्यावी लागणार. सर्जन म्हणाले, ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी. सहा आठवडे ३० जानेवारीला भरतात. तिथल्या लाइट विभागानं तारीख दिली १७ फेब्रुवारी, म्हणजे साठावा दिवस. खिडकीवरचा माणूस उर्मट नव्हता. त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा, कुणाचं नाव खोडू?"

काय करता येईल? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

नंदीग्रामचा_प्रवासी | ८ जानेवारी, रात्री ११.५२

दादा, सरळ परळला टाटाला न्या. मी वडिलांना घेऊन तीन वर्षं ये-जा केली. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला तिकीट माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. दवाखान्यातून तसा छापील फॉर्म भरून घ्यायचा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडं जागा मिळेलच असं नाही, पण विचारायचं.

झेरॉक्सवाला | ९ जानेवारी, सकाळी ७.१०

आभारी आहे. पण सहा आठवडे मुंबईत राहायचं म्हणजे मी दुकान बंद करणार, नाहीतर बायको लेकरांची शाळा सोडून जाणार. आणि देशभरातून माणूस तिथं येतो, लाइटला तिथं गर्दी नसेल का?

नंदीग्रामचा_प्रवासी | ९ जानेवारी, सकाळी ७.३१

आहे. खोटं कशाला बोलू.

निवृत्त_मास्तर | ९ जानेवारी, सकाळी ८.०५

मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. हे सगळं तंबाखू आणि गुटख्यानं होतं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. आपली तरुण पिढी सुधारणार कधी?

पानटपरी_बंद | ९ जानेवारी, सकाळी ८.२२

मास्तर, बंदी आहे खरी. तुमच्या शाळेच्या गेटपासून किती पावलांवर पुडी मिळते तेवढं सांगा. आणि अण्णा ६४ वर्षांचे आहेत, तरुण पिढीत कुठून आले?

यंत्रामागचा | ९ जानेवारी, दुपारी २.४०

मी रेडिओथेरपी विभागात तंत्रज्ञ आहे, कुठं ते सांगत नाही. रजिस्टर फिरवणाऱ्या माणसाची बाजू मांडतो, मग उपाय.

लोकांना वाटतं रांग म्हणजे ओपीडीची रांग, आज गर्दी आहे, उद्या ओसरेल. लाइटची रांग तशी नसते. एकदा सुरू झालेला माणूस सहा आठवडे जागा अडवून असतो, सोमवार ते शुक्रवार रोज. समजा एका यंत्रावर दिवसाला ६० जण होतात आणि प्रत्येकाच्या ३० बैठका आहेत. मग रोज सरासरी दोघांचं संपणार आणि दोघांनाच जागा होणार. दारात रोज चार नवे आले की दोन मागे राहिले. महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत ४४ झाले. यंत्र दोन दिवस बंद पडलं तर त्या साठांचे दोन दिवस पुढं ढकलायचे, कारण चालू असलेल्याचं मधेच तोडता येत नाही. खंड पडला तर उरलेल्या पेशी परत वाढायला लागतात. रक्तस्राव थांबत नसलेला किंवा मणक्यावर दाब येऊन पाय गळायला लागलेला पेशंट आला तर त्याला आम्ही त्याच दिवशी घेतो. तिथं रांग नाही, आणि नसावीच.

यंत्र आणून बसवलं म्हणजे झालं असंही नाही. खोलीच्या भिंती मीटर-दीड मीटर काँक्रीटच्या, अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी, आणि फिजिसिस्ट लागतो. प्रत्येक पेशंटचं सीटी घेऊन कुठं किती द्यायचं, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि लाळेच्या ग्रंथी कशा वाचवायच्या, हा आराखडा करायलाच काही दिवस जातात. उद्घाटनाच्या फोटोत यंत्र दिसतं, फिजिसिस्ट दिसत नाही.

आता तुमचं. पहिली गोष्ट, योजनेत ऑपरेशन आणि लाइट ही वेगवेगळी पॅकेजं आहेत. ऑपरेशन एका ठिकाणी झालं म्हणून लाइट तिथंच घ्यायची सक्ती नाही. केजहून बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल फार लांब नाही, लातूरला केंद्र आहे, संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिन्हीकडं आजच फोन करा. योजनेत आत्ता लाइट करता का आणि पहिली तारीख कधीची, हे दोनच प्रश्न विचारा.

दुसरी गोष्ट, दात दाखवले का? गालाला लाइट द्यायच्या आधी किडलेले दात काढावे लागतात, कारण नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. काढल्यावर जखम भरायला दोन आठवडे जातात. तारीख मिळून आलेली माणसं दातासाठी परत जाताना मी दर आठवड्याला बघतो.

झेरॉक्सवाला | ९ जानेवारी, दुपारी ३.१५

दातांचं कुणीच बोललं नव्हतं. म्हणजे डिस्चार्ज कार्डावर चौथ्या ओळीत 'डेंटल' एवढंच लिहिलंय, आत्ता दिसलं. मला वाटलं विभागाचं नाव असेल. उद्याच जातो.

काउंटरवरचा_मित्र | ९ जानेवारी, रात्री ९.३०

मी चार वर्षं आरोग्यमित्र (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) म्हणून काम केलंय, आता सोडलं. महात्मा फुले योजनेबद्दल थोडं.

पेशंट म्हणतो, "मंजुरी अडकलीय." दहातल्या सहा-सात वेळा ती कुठल्यातरी एका कागदावर अडकलेली असते. फोटो पुसट, रिपोर्टवर सही नाही, नाव जुळत नाही. समोरून शंका काढून केस परत येते, ती आमच्या स्क्रीनवर दिसते, पेशंटला दिसत नाही. तो बिचारा बाकावर बसून असतो, कुणीतरी नाव पुकारील म्हणून. म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन "केसला क्वेरी आलीय का?" असं स्पष्ट विचारायचं. नुसतं "झालं का साहेब?" विचारलं की उत्तर "थांबा" असंच मिळतं. अडलंच तर १५५३८८ या हेल्पलाइनवर नोंद करायची.

आणि पक्कं निदान होईपर्यंतचा खर्च, म्हणजे तुकड्याची तपासणी, स्कॅन, हा बहुतेक वेळा खिशातून जातो. माणूस तिथंच आठ-पंधरा दिवस घालवतो. पैशाची जुळवाजुळव करतो आणि तोंडानं म्हणतो, "पाव्हण्याकडं लग्न होतं."

दुसरीकडं जाणार असाल तर ऑपरेशनची नोट, गाठींचा रिपोर्ट आणि सीटीची सीडी हे सगळं घ्याच. शिवाय पॅथॉलॉजीतून काढलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. नवे डॉक्टर बरेचदा स्वतःच्या लॅबमध्ये परत बघतात. एका काचपट्टीसाठी संभाजीनगर ते नांदेड परत जाणारे लोक पाहिलेत मी.

निसर्गसंजीवनी_१०८ | १० जानेवारी, सकाळी ६.०२

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे. औषधांची जाहिरात आणि 'लाइट घेऊ नका' असा सल्ला या धाग्यावर चालणार नाही. व्यनितूनही (व्यक्तिगत निरोपातूनही) असं काही आल्यास कळवा. – संपादक]

धारूरची | १० जानेवारी, रात्री १०.४५

झेरॉक्सवाले दादा, तुम्ही घरातल्या ४७ दिवसांचं लिहिलंत म्हणून लिहायला बसले. एरवी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. आईची पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती आणि परत अंगावरून जायला लागलं. तिनं मला सांगितलं दिवाळीच्या आधी, पाणी शेंदताना, इकडंतिकडं बघून. मी म्हटलं दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "उचल घेतलीय." मुकादमाकडून उचल घेतली होती जोडीची, म्हणजे एका कोयत्याची. एकजण गेला तर अर्धा कोयता, आणि हिशोब फिटत नाही. ती गेली. सहा महिने पाचटात, उघड्यावर, फडक्यांवर फडकी बदलत ऊस तोडला. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, चैत्रात आली तेव्हा चेहरा पांढराफटक. रक्त साडेसहा.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी पायरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेरून पाच आठवडे लाइट, दर आठवड्याला सलाइनमधून औषध, मग आतून लाइट, आणि हे सगळं मिळून आठ आठवड्यांत संपलं पाहिजे. आणि रक्त भरल्याशिवाय सुरू करता येत नाही. रक्ताला आमच्याकडून कोण? भाऊ आणि त्याचे दोन मित्र. बाप म्हणाला, "माझं घ्या," तर त्याचंच कमी निघालं.

आठाचे अकरा आठवडे झाले. त्यात एक आठवडा यंत्र बंद होतं आणि एक आठवडा आईच उठून गावी आली, चुलतभावाच्या हळदीला. मी इतकी भांडले तिच्याशी त्या दिवशी. आता वाटतं, सहा महिने पाचटात काढलेल्या बाईला चार बायकांत बसावं वाटलं असेल.

तीन वर्षं झाली. आई आहे. कोयता माळ्यावर आहे.

जुनं_उस्मानाबाद | ११ जानेवारी, सकाळी ११.१८

धारूरची, तुमचं वाचून काही वेळ काहीच लिहिता आलं नाही.

थोडं अवांतर, पण आपल्याच मातीतलं आहे. १९९९ मध्ये आमच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांतून याच आजाराची मोठी तपासणी सुरू झाली होती. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केली. खेड्यांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. त्यांतल्या एका भागाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची (ज्याच्यामुळं हा कॅन्सर होतो) तपासणी दिली. आठेक वर्षांनी बघितलं तर ज्या गटात काहीच तपासणी नव्हती तिथं या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या होत्या आणि एचपीव्हीच्या गटात ३४. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे. २००९ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि जगभर उस्मानाबादचं नाव झालं.

आमची आई त्या तपासणीला गेली होती. समाजमंदिरात बायकांना जमवलं होतं. ती सांगते, पहिल्या दिवशी कुणीच आत जाईना, मग सरपंचाच्या आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "बाळंतपणाला लाजलो नाही, आता काय लाजायचं." मग रांग लागली. पंचवीस वर्षं होऊन गेली. ज्या जिल्ह्यानं जगाला हे शिकवलं त्याच्या शेजारच्या तालुक्यातली बाई दिवाळीला सांगते आणि चैत्रात दवाखाना बघते. कुठं फिर्याद करायची?

अंबाजोगाई_ते_लेस्टर | ११ जानेवारी, संध्याकाळी ५.५०

मी अंबाजोगाईचा, १४ वर्षं इंग्लंडमध्ये आहे. "तिकडं सगळं फुकट आणि वेळेवर" असं गावी गेलो की ऐकतो, म्हणून सांगतो. इथंही रांग आहे. कॅन्सरच्या संशयावरून तातडीनं पाठवलेल्या रुग्णाचे उपचार ६२ दिवसांत सुरू झाले पाहिजेत असा इथला दंडक आहे. शंभरातल्या ८५ जणांच्या बाबतीत तो पाळायचा. २०१५ नंतर पूर्ण इंग्लंडचा मिळून तो एकदाही पाळला गेलेला नाही. माझ्या शेजाऱ्याचे ९१ दिवस गेले.

फरक एवढाच की ते ९१ दिवस मोजले गेले. चिठ्ठी हॉस्पिटलला पोचली त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. लॅब वेगळी, सर्जन वेगळा, लाइटचं हॉस्पिटल तिसऱ्या गावात असलं तरी घड्याळ एकच. दर महिन्याला आकडे छापून येतात आणि मंत्र्याला विचारणा होते. झेरॉक्सवाले, तुमच्या बाबतीत ते घड्याळ म्हणजे उधारीची वही. लॅबला विचारा, ती म्हणेल आमच्याकडं फक्त तेरा दिवस. तहसील म्हणेल नऊ. सर्जन म्हणेल बावीस. प्रत्येकाचं आपल्यापुरतं बरोबर आहे.

उशिरानं किती फरक पडतो याचाही हिशोब झालाय. २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश नियतकालिकात सात प्रकारच्या कॅन्सरवरचे ३४ अभ्यास एकत्र करून मांडलं होतं, की उपचार दर चार आठवड्यांनी लांबले की मृत्यूचा धोका साधारण ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो. हा सरासरीचा आकडा आहे, अण्णांचा नाही. घाबरू नका, पण फोन करत राहा.

निवृत्त_मास्तर | ११ जानेवारी, रात्री ८.१५

धारूरच्या ताईंचं वाचलं. मी वर जे लिहिलं ते काढून टाकता येतं का, संपादक?

झेरॉक्सवाला | १५ जानेवारी, रात्री १०.०५

संक्रांतीचा तिळगूळ आधी. आता हालहवाल.

१० तारखेला दोन दाढा काढल्या. 'यंत्रामागचा' यांनी सांगितलेले दोनच प्रश्न फोनवर विचारले. कुठल्या केंद्रानं काय सांगितलं ते नावानिशी लिहीत नाही, उगाच वाद नको. एका ठिकाणी यंत्राचं काम चालू होतं, एका ठिकाणी मार्चच. तिसऱ्या ठिकाणी बाई म्हणाल्या, "पेशंट घेऊन या, बघून सांगते, फोनवर कुणालाच तारीख देत नाही." १३ ला गेलो. ब्लॉक, काचपट्ट्या, सीडी, सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये क्रमानं लावलेलं. बाईंनी फाइल उघडली आणि विचारलं, "काय काम करता हो तुम्ही?" पहिल्यांदाच दुकानाचा अभिमान वाटला.

२७ जानेवारी मिळाली. एकोणचाळिसावा दिवस. दाढा दहालाच काढल्या होत्या म्हणून मिळाली, नाहीतर पुढं गेली असती. मंजुरीला एक क्वेरी आली होती, जुन्या डिस्चार्ज कार्डावरचा शिक्का पुसट. ती मी दुसऱ्या दिवशी विचारून घेतली म्हणून कळली, काउंटरवरच्या मित्राची कृपा.

त्या रजिस्टर फिरवणाऱ्या माणसाला मी फोन करून कळवलं की अण्णांचं नाव १७ तारखेतून खोडा. तो म्हणाला, "असं कळवत कुणी नाही हो." मग म्हणाला, एका बाईंना फोन करतो आता.

यंत्रामागचा | १५ जानेवारी, रात्री १०.४०

हे शेवटचं फार बरं केलंत. न कळवता गेलेल्यांची जागा आम्हाला त्या दिवशी सकाळी कळते, तेव्हा परभणीचा पेशंट तासाभरात येऊ शकत नाही.

मास्क करताना अण्णांना सांगून ठेवा. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर दाबतात, गार झाली की घट्ट बसते. श्वास घेता येतो, पण पहिल्यांदा माणूस घाबरतो. आणि वजन सांभाळा. तिसऱ्या आठवड्यानंतर तोंड सोलवटतं, गिळवत नाही, तिथं खंड पडतो. पातळ, गार, पोटभर. नाकातून नळी घाला म्हणाले तर नको म्हणू नका.

झेरॉक्सवाला | २८ जानेवारी, रात्री ९.३५

दोन झाल्या, अठ्ठावीस राहिल्या. मधे शिवजयंती आणि महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून ११ मार्चपर्यंत. होळीच्या आत.

मास्कबद्दल सांगून ठेवलं होतं. अण्णा बाहेर आले ते गालावर जाळीचे चौकोन उठलेले घेऊन. म्हटलं, भीती वाटली का? म्हणाले, "भ्या कशाचं? कोळपणीला बैलाला मुसकं घालतेत तसं घातलं की." मग बराच वेळ गप्प बसून, "बैलाला काय वाटत असंल ते आज कळालं."

खोली दवाखान्यामागं घेतलीय, दोन हजार महिना, नळाला दिवसाआड पाणी. मी आणि मेव्हणा आठवडा-आठवडा वाटून घेतोय. कपाटात माझ्या आधीच्या भाडेकरूनं नाचणीसत्त्वाचा अर्धा डबा आणि एक चिठ्ठी ठेवलीय, 'गार करून द्या, गरम चालत नाही.'

धारूरची | २८ जानेवारी, रात्री ९.५८

दादा, खोली कुठल्या गल्लीत तेही व्यनित कळवा. माझी नणंद तिथंच राहते. अण्णांना रोज ताक पोचतं करते म्हणाली, बिनमिठाचं.